व्हॅक्सिन डेपोत लस बनायची

गेल्या महिन्यात बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये गुणवंतांच्या सत्काराला गेलो होतो. फेटे बांधलेली पंचवीस-तीस मुलं, मागं त्यांचे आईबाप, समोर शाली पांघरून आम्ही. आभाराच्या भाषणात एका मुलीनं सांगितलं, मला कॅन्सरवर संशोधन करायचंय. टाळ्या पडल्या आणि पुढचा पाऊण तास त्या एका वाक्याचा भुगा झाला. एक वक्ते म्हणाले, पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांत महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या 865 गावांच्या मुलांसाठी जागा राखून ठेवाव्यात, तो आमचा हक्क आहे. दुसरे म्हणाले, हट्ट सोडा, कन्नड शिका आणि रात्रीची राणी चन्नम्मा पकडून बेंगळूर गाठा. तिसऱ्यांचं निदान तयारच होतं: मराठी शाळेत घातलंत, तिथंच पोरांचं नुकसान झालं. मुलगी खुर्चीत बसून फेटा सावरत होती. बाळ, कुठला कॅन्सर, तोच का, सध्या काय वाचतेस, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवूनही मलासुद्धा नाही.

तिन्ही भाषणांचा पाया एकच होता. संशोधन इथं नसतं, ते बाहेर कुठंतरी असतं, आणि भांडायचं ते कुठल्या गाडीनं जायचं एवढ्यावरच. मला हा पायाच मान्य नाही. रेणवीय जीवशास्त्र, जीनोमिक्स (सगळ्या जनुकांचा एकत्र अभ्यास), कॅन्सर या वाटेला जाऊ पाहणाऱ्या सीमाभागातल्या पोराला सगळ्यात आधी हवं असतं ते विशीच्या आसपास, आपल्याच गावात, जाणत्या माणसाच्या नजरेखाली दोन महिने खरं काम. ते बेळगावात देता येण्यासारखं आहे. त्याला लागणारी बरीचशी सामग्री इथं पडून आहे, आणि त्यातली सगळ्यात दुर्मीळ सामग्री म्हणजे या पोरांची मराठी.

हे कुणाला स्वप्नरंजन वाटत असेल तर त्यानं व्हॅक्सिन डेपोचं नाव एकदा नीट वाचावं. सकाळी फिरायला, संध्याकाळी क्रिकेटला आणि विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात भरलं की मराठी भाषकांच्या महामेळाव्याला (परवानगी मिळाली तर) आपण त्या मैदानावर जातो. त्या नावातलं व्हॅक्सिन कशाचं, असं मी एकदा वर्गात विचारलं. एकच हात वर झाला, आणि उत्तर आलं पोलिओ. ते देवीचं. वासराची कूस भादरायची, कातडीवर बारीक ओरखडे काढून त्यांत लस पेरायची, काही दिवसांनी आलेले फोड खरवडून, शुद्ध करून कुप्यांत भरायचे. मुंबई इलाख्याच्या काळापासून हे काम या गावात चालत होतं. 1970 च्या दशकात देवी निर्मूलनाची मोहीम शेवटच्या टप्प्यात आली तेव्हा गोठवून वाळवलेली लस देशात चार ठिकाणी बनायची: नैनितालजवळचं पटवाडांगर, मद्रासचं गिंडी, हैदराबाद आणि बेळगाव. 1977 मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. गाव कुणाचं, हा वाद 1956 पासून पेटलेला होताच, वासरांच्या अंगावरच्या फोडांना त्याचं काही पडलं नव्हतं. मग मधल्या काळात असं काय झालं, की आपल्या गावात प्रयोगशाळेचं काम होऊ शकतं हे आपल्यालाच खरं वाटेनासं झालं?

समोरच्यांचं सगळ्यात वजनदार म्हणणं आधी घेतो. सीमाभागातल्या मराठी मुलावर अन्याय होतो, हे खोटं आहे का? नाही. कन्नडमधला सरकारी कागद कळत नाही, मराठी शाळेत शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतात, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला सीमाप्रश्नाचा दावा इतका लांबला, की त्या वर्षी जन्मलेली पोरं बालवाडीपासून शिकत जाऊन पदवीधर झाली. संशोधनाच्या बाबतीत तर एक ताजा फरक आहे, त्यावर आमच्या व्यासपीठांवर कुणी बोलतही नाही. कर्नाटकानं 2024 मध्ये चार वर्षांची पदवी गुंडाळून पुन्हा तीन वर्षांची केली. महाराष्ट्रात ती चालू आहे, आणि चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प करायची सोय आहे. म्हणजे चंदगडच्या मुलाला पदवीतच संशोधनाचं एक वर्ष मिळू शकतं, आणि डोंगराच्या अल्याडच्या बेळगाव तालुक्यातल्या त्याच्या मामेभावाला नाही. हा अन्यायच आहे, आणि तो बोलून दाखवलाच पाहिजे.

पण त्यावर राखीव जागेचं औषध लागू पडत नाही. खारघरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र टाटा मेमोरियलचं, म्हणजे केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचं. पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञानाची संस्था) केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून चालतं, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाकडून. तिथल्या जागा महाराष्ट्र सरकार राखणार कशा? मागणी चुकीच्या खिडकीवर चालली आहे. वैद्यकीय प्रवेशात महाराष्ट्र सीमाभागासाठी थोड्या जागा राखतो, त्याचा उपयोग झालेली मुलं मी पाहिली आहेत. तो प्रवेश मात्र गुणांवर ठरतो. तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिच्या अर्जात तुमचं गाव कुठल्या राज्यात हे कळीचं नसतं. तुम्हाला काय करून बघायचंय ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं आणि सोबत तुम्हाला ओळखणाऱ्या शिक्षकाचं शिफारसपत्र जोडायचं असतं. आमचं पोर अडतं ते या दोन कागदांवर. आजवर त्यानं स्वतः काही करून बघितलेलंच नसतं, मग पुढं काय करून बघायचंय ते लिहिणार कुठून?

शिफारसपत्राचं तर मी माझ्याच तोंडानं सांगतो. यळ्ळूरकडची एक विद्यार्थिनी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिनं हा अर्ज स्वतः शोधून काढला होता. पत्र मागायला आली तेव्हा माझी परीक्षेची ड्यूटी होती. म्हटलं सोमवारी. सोमवारी लिहिलं, तर ऑफिसात शिक्का नव्हता. शिक्का मिळाला तेव्हा साहेब मीटिंगला गेलेले. कागद पूर्ण झाला त्याच्या आदल्या रात्री मुदत संपली होती. यात कर्नाटक सरकारचा किंवा महाराष्ट्र सरकारचा हात नव्हता. हात माझा होता.

मग भाषेचा मुद्दा. मराठी माध्यमातलं पोर इंग्रजीत अडखळतं, हे मान्य. शोधनिबंध इंग्रजीत असतात, मुलाखत इंग्रजीत असते, आणि 'प्रायमर' (डीएनएची प्रत काढताना लागणारा छोटा तुकडा) म्हटल्यावर रंगकामातला प्रायमर आठवणारी मुलं मी शिकवली आहेत. इंग्रजी शिकावंच लागेल, त्याला तोड नाही. पण कॅन्सरचं संशोधन इंग्रजीत छापून येत असलं तरी सुरू कुठल्या भाषेत होतं? निपाणीला चला. ही तंबाखूची पेठ. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बेंगळूर महामार्गावर बसले, गोळीबार झाला, माणसं गेली, आणि सारा देश निपाणीचं नाव शिकला. भावाचा प्रश्न खरा होता, आजही आहे. तिथल्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या तोंडात, फुप्फुसात काय चाललंय, हा प्रश्न त्याच रस्त्याकडेला तेव्हाही उभा होता आणि अजून उभाच आहे.

आता एखाद्या आजीला विचारून बघा, "तंबाखू खाता का?" ती तोंड वाकडं करून सांगेल, "छ्या, मी नाही बाई." आणि तिच्या चुलीमागच्या कोनाड्यात मिश्रीची डबी असते. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, कुटून पूड केलेली. सकाळी उठल्यावर एकदा, जेवल्यावर एकदा, डोकं चढलं की आणखी एकदा, तर्जनीनं हिरडीवर. तिच्या लेखी ते दात घासणं आहे, तंबाखू खातात ते गडीमाणसं. प्रश्नावलीत 'तंबाखूचं व्यसन: नाही' अशी खूण पडते आणि पुढं कितीही भारी मशीनवर तिच्या पेशींचं जनुकीय वाचन केलंत तरी मुळाशी असलेली ही चूक तशीच राहते. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ही कॅन्सरकारक रसायनं डीएनएला चिकटतात, टीपी53 सारख्या राखणदार जनुकात बिघाड होतो, हे पुस्तकात आहे. कोणत्या बाईनं किती वर्षं, दिवसातून किती वेळा, हिरडीच्या कुठल्या बाजूला बोट फिरवलं हे पुस्तकात नाही. ते कळायला 'मिश्री लावता काय हो मावशी?' असं विचारता आलं पाहिजे, आणि विचारणारी तिच्या नातीसारखी दिसली पाहिजे. बैलहोंगल किंवा गोकाककडं तेच काम कन्नडमधून करावं लागेल. म्हणजे जोडी लागते: एक मराठी पोर, एक कन्नड पोर. जीनोम तर या दोघांच्या भांडणाला केव्हाच हसत असेल. मामाची पोरगी करायची चाल दोन्हीकडं आहे, आणि जवळच्या नात्यातल्या लग्नांतून पुढं येणारे आनुवंशिक आजारही दोन्हीकडं तेच.

कुणी म्हणेल, तोंडाच्या कॅन्सरचं काम मोठ्या ठिकाणी झालंच आहे की. झालंय, आणि उत्तम झालंय. आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पात भारतानं गाल आणि हिरडीचा कॅन्सर हाच आपला विषय म्हणून घेतला. खारघरचं ॲक्ट्रेक आणि कल्याणीची जीनोमिक्स संस्था यांनी 2013 मध्ये त्याच्या उत्परिवर्तनांचा, म्हणजे जनुकांतल्या बिघाडांचा आराखडा प्रसिद्ध केला, सुरुवातीचं वाचन होतं 50 रुग्णांचं. अमेरिकेच्या प्रकल्पानं 2015 मध्ये डोक्या-मानेच्या 279 गाठींचा तपशील मांडला. तो सगळा आज फुकट उघडा आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून उचगावची मुलगी कोणत्या गाठीत टीपी53 मोडलाय ते घरी बसून बघू शकते. पण त्या 279 मध्ये मिश्रीवाली आजी शोधून सापडायची नाही. पन्नास, दोनशे, हजार नमुन्यांनी काम संपलं असं या शास्त्रात कुणी म्हणत नाही, आणि आपल्याकडच्या सवयींचे नमुने आपण गोळा केल्याशिवाय ते कुणी आणून देणार नाही.

दुसरं म्हणणं: मोठं व्हायचं तर गाव सोडावंच लागतं. खरंय. कॅन्सर संशोधक कमल रणदिवे पुण्यातून मुंबईला गेल्या, खानोलकरांच्या हाताखाली शिकल्या, तिथून जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, आणि परत येऊन मुंबईत ऊतिसंवर्धनाची (शरीराबाहेर पेशी वाढवायची) प्रयोगशाळा उभी केली. त्या पुण्यातच बसल्या असत्या तर हे झालं नसतं. मी कुणाला अडवून ठेवा म्हणत नाही. पण जाण्याआधी काही हाताला लागलेलं असावं, एवढंच म्हणतो. आणि छोट्या गावात मोठं काम होत नाही, हे तर साफ चूक. बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी तेव्हा काही विद्येचं माहेरघर नव्हतं. गावोगाव फिरून कुणाला गाठ आली, कुणाला अंगावरून जातंय हे विचारणारे लोक होते. पुढं शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची चाचणी झाली, आणि हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीनंही मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे 2009 मध्ये जगाला कळलं.

बार्शी लांब वाटत असेल तर बेळगावच घ्या. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मिझोप्रोस्टॉलची गोळी चालते का, याची चाचणी याच जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली. 1,620 बायका, आणि गोळी देणाऱ्या होत्या आपल्या उपकेंद्रांतल्या नर्सबाई. रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. 2006 मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं, आणि 2011 मध्ये ही गोळी या कामासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली. आमच्या मुलांना सिराज-उद-दौला कुठं हरला ते पाठ आहे, हे माहीत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचतो, कारण तो माझ्याच धंद्यातले लोक घेतात आणि त्यात तथ्य आहे. दोन महिन्यांत कसलं संशोधन? पोर येतं, पांढरा कोट घालून फोटो काढतं, प्रमाणपत्र घेऊन जातं. असं होतं. मी पाहिलंय. पण कॉलेजात आम्ही काय वेगळं देतो? कांद्याच्या मुळाचं टोक अॅसिटोकार्मिनमध्ये दाबून पेशीविभाजन बघा, केळं कुस्करून साबणाच्या पाण्यात डीएनएचे धागे काढा, आणि जेल इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करायच्या पद्धतीचा, तक्ता भिंतीवर बघून जर्नलमध्ये उतरवा. एका कॉलेजात (नाव घेत नाही) डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन आहे. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून घेतलं, समिती बघून गेली, आणि त्यावर कव्हर चढलं. खंडेनवमीला तेवढं ते निघतं. हळदकुंकू, झेंडूचा हार, पुन्हा कव्हर. मुलं मशीनला नमस्कार करतात, हात लावत नाहीत.

ती यळ्ळूरची मुलगी दुसऱ्या वर्षी पुन्हा आली. या वेळी घरचे आडवे. "मी जातो सर, खरं घरात सोडत नाहीत." (आमच्याकडं मुलीही 'जातो'च म्हणतात आणि 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याच्या वाचकानं मुद्रणदोष समजू नये.) दोन महिने परक्या गावात मुलगी ठेवायची, हे बापाच्या गळी उतरेना, आणि त्या बापाला मागासलेला म्हणणं मला तरी जमलं नाही. शेवटी ओळख काढून तिला गावातल्याच एका प्रयोगशाळेत सहा आठवडे बसवलं. सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळी घरी. पहिला दिवस पिपेट धरण्यात गेला. दांडा दाबताना दोन थांबे असतात. पहिल्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा, सोडताना दुसऱ्यापर्यंत. ते अंगठ्याला कळायला वेळ लागतो. मग पीसीआर. नऊ दिवस रोज जेल चालवलं. लॅडर (मापासाठी सोबत चालवलेला डीएनए) तेवढी चमकायची, बाकी काळोख. दहाव्या दिवशी तिनंच शोधून काढलं, की डीएनए धुतल्यावर नळीत अल्कोहोल राहतंय, वाळू द्यायला ती घाई करतेय. नळ्या उघड्या ठेवून ती जेवायला गेली. दुपारी पट्टा दिसला. सहा आठवड्यांत तिनं कुठलाही जनुक शोधला नाही. आपल्याला आलेलं उत्तर आपणच खोटं धरायचं आणि चूक कुठं लपलीय ते एकेक पायरी मागं जाऊन बघायचं, एवढं ती शिकली. बारावीपासून तोवर कुणी तिला हे शिकवलं नव्हतं. आमच्या परीक्षेत उत्तर खोटं धरणाऱ्याला शून्य मिळतं.

नैतिकतेचा मुद्दा थोडक्यात. रुग्णांचे नमुने, त्यांची जनुकीय माहिती कोवळ्या पोरांच्या हाती द्यायची का? मोकाट द्यायची नाहीच. त्यासाठी समित्या असतात, नावं झाकून काम करायची पद्धत असते. उलट पोरं नसल्यामुळं काय होतं तेही बघा. 'जनुकीय अनुक्रमणासाठी ऊतिनमुना देण्यास माझी संमती आहे' असं वाक्य मी एका मराठी संमतीपत्रकात वाचलंय. त्याखाली अंगठा उठवणाऱ्या बाईनं कशाला हो म्हटलं? "तुमच्या गाठीचा तुकडा आम्ही ठेवून घेणार, त्यात बिघाड कुठून आला ते बघणार, नको असेल तर नाही म्हणा, औषध थांबणार नाही," हे समजावून सांगणारं वीस वर्षांचं पोर तिथं बसलेलं असेल तर नैतिकता वाढते की घटते?

मग करायचं काय? गावात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, एक सरकारी आणि एक केएलई या शिक्षणसंस्थेचं. नेहरूनगरात आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, आणि 2025 च्या जानेवारीत राष्ट्रपतींच्या हस्ते कॅन्सरचं नवं रुग्णालयही उघडलं. एमबीबीएस, बीडीएसच्या मुलांना आयसीएमआरची अल्पकालीन शिष्यवृत्ती 1979 पासून आहे. बी.एस्सी.चं पोर मात्र या सगळ्या इमारतींच्या बाहेरच्या रस्त्यावरून सिटी बसनं कॉलेजला जातं. त्याला आत घ्यायला नवा कायदा लागत नाही. प्राचार्यांचं पत्र लागतं, आतल्या एका माणसाची तयारी लागते आणि दोन महिन्यांचा बसपास व जेवणाचा खर्च लागतो. आमच्या शिक्षणसंस्था, मंडळं, समिती वर्षाला जेवढे फेटे बांधतात त्यातले निम्मे बांधले तर किती पोरांचा खर्च निघेल, याचा हिशेब खजिनदारांनी करावा. केएलई 1916 मध्ये सात शिक्षकांनी काढली, हे आम्ही थोड्या असूयेनं सांगतो. त्यांनी सुरुवात कुठल्या राखीव जागेतून केली नव्हती.

यळ्ळूरची ती मुलगी संशोधक झाली नाही. बी.एड्. केलं, आता खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवते. परवा रात्री तिचा फोन आला. नववीच्या पोरांकडून गावात घरोघरी मिश्रीची माहिती काढायची आहे, शाळेनं होकार दिलाय, प्रश्न ती स्वतः लिहितेय.

"सर, तंबाखूचा प्रश्न आधी घालू की मिश्रीचा?"

"तुला काय वाटतं?"

"तंबाखू आधी विचारलं तर मिश्रीलाही नाहीच म्हणतील. खरं, तसं नक्की कुठं माहीत आहे?"

म्हटलं, मग अर्ध्या घरांत असं विचार, अर्ध्यांत तसं. कुठलं घर कशात, ते चिठ्ठ्या टाकून ठरव.